उन्हात घातलेली बी

दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो. आंबे, जांभळं, फणस भरपूर खा, पण बिया कचऱ्यात टाकू नका. धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, पिशवीत भरून ठेवा आणि पाऊस लागला की घाटातून जाताना रस्त्याच्या कडेला टाका. निरोपामागची तळमळ खरी असते आणि तो पाळणारेही पुष्कळ असतात. गच्चीवर वर्तमानपत्र पसरून कोयी आणि जांभळाच्या बिया मांडल्या जातात, शाळा आणि सोसायट्या गोण्या भरतात. जुलैत त्या गोण्या माळावर रिकाम्या होतात आणि त्यांतून जांभळाचं किंवा फणसाचं बहुधा एकही रोप वर येत नाही. मग माती वाईट होती, गुरांनी खाल्लं, पाऊस कमी पडला, अशी कारणं निघतात. बी मात्र माळावर पोचण्याच्या कितीतरी आधी, गच्चीवरच मेलेली असते.

त्याच गोणीत कुणी चिंचोके आणि बोराच्या आठोळ्या टाकल्या असतील, तर त्यांतल्या काही नक्की उगवतील. ऊन तेच, वर्तमानपत्र तेच, दिवसही तेवढेच. चिंचोका डब्यात पडून राहिला, मुलांच्या खेळात वर्षभर हाताळला गेला, तरी पेरल्यावर कोंब काढतो. जांभळाची बी झाडाखालून उचलून उघड्यावर ठेवली, तर साधारण पंधरवड्यात संपते. आपल्याकडच्या फळझाडांच्या बियांची अशी दोन टोकं आहेत. कुठलं झाड कुठल्या टोकाला, हे माहीत नसेल तर बी जपण्याचा चांगलाच उपाय बी मारण्याचा उपाय ठरतो.

आधी वाळणाऱ्या बियांकडे पाहू, कारण ‘बी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तीच येते. ज्वारी, हरभरा, भेंडी यांचं बी आईच्या अंगावरच वाळतं. गर्भ पूर्ण वाढला की झाड त्याला पाणी देणं थांबवतं आणि बी स्वतःची आवराआवर सुरू करते. पेशींमधल्या पाण्याच्या पोकळ्या आक्रसतात आणि तिथे साठवणीची प्रथिनं, तेल, पिष्ट भरलं जातं. साखरेचे ठरावीक प्रकार आणि एलईए या नावाने ओळखली जाणारी खास प्रथिनं तयार होतात. पाणी निघून गेल्यावर पेशींची नाजूक पटलं एकमेकांना चिकटू नयेत, फाटू नयेत, ही त्यांची कामगिरी. शेवटी पेशीतला द्रव इतका दाट होतो की तो घन काचेसारखा गोठतो, मात्र बर्फ न होता. त्या अवस्थेत रासायनिक घडामोडी जवळजवळ थांबतात. बी मेलेली नसते, पण जगण्याचा खर्चही तिला नसतो.

अशा बीचं आयुष्य किती लांबू शकतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एका फळझाडाचंच आहे. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यावर १९६३ ते १९६५ या काळात उत्खनन झालं, त्यात खजुराच्या जुन्या बिया सापडल्या. चाळीस वर्षं त्या तशाच पडून होत्या. त्यांतली एक २००५ मध्ये इस्रायलमध्ये पेरली आणि ती उगवली. कार्बन कालमापनानुसार तिचं वय सुमारे दोन हजार वर्षं निघालं. त्या प्रदेशातल्या अतिकोरड्या हवेचं हे देणं. बियाण्यांच्या साठवणीत हॅरिंग्टनचा ठोकताळा म्हणून एक नियम सांगतात: बीमधली ओल १ टक्का कमी केली की तिचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सियसने उतरवलं की पुन्हा दुप्पट. ओल ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असेल तोवर तो बराचसा लागू पडतो. जगभरच्या बीजपेढ्या याच पायावर उभ्या आहेत. बी ५ टक्क्यांच्या आसपास वाळवायची, हवाबंद पाकिटात घालायची आणि उणे १८ अंशांत ठेवून द्यायची.

आवळा, बोर, चिंच, हिरडा, बेहडा ही आपली झाडं याच गोटातली. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण इतकी जुनी की तिला परकी म्हणायला जीभ रेटत नाही. आवळ्याच्या बाबतीत तर वाळवणं ही गरजच आहे. पिकलेल्या आवळ्याची आठोळी दोन-तीन दिवस चांगल्या उन्हात टाकली की तडकते आणि आतल्या सहा बारीक बिया बाहेर पडतात. ऊन दाखवलं नाही तर त्या कठीण कवचातून बी काढता काढता नाकी नऊ येतात. बोराची आठोळी वाळवून ठेवता येते, पण पेरताना हलक्या हाताने फोडून आतलं बी काढलं तर तीन-चार आठवड्यांचं काम आठवड्यात होतं. या बियांची अडचण उलटी असते. त्या सहज मरत नाहीत, पण कवचामुळे सहज जाग्याही होत नाहीत.

आता जांभूळ. जांभळाच्या ताज्या बीच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. फणसाच्या आठळीत त्याहून थोडं जास्तच. ही बी झाडावरून पडते तेव्हा तिने आवराआवर केलेलीच नसते. पेशी पाण्याने भरलेल्या, श्वसन चालू, गर्भ वाढीला लागलेला. फार पिकलेला फणस फोडला तर आतच मोड आलेल्या आठळ्या सापडतात, त्या यामुळे. या बीच्या आयुष्यात विश्रांतीचा टप्पा नाही. फळातून बाहेर पडणं आणि रुजायला लागणं यांत तिच्या लेखी सीमा नाही.

ई. एच. रॉबर्ट्स या ब्रिटिश बीजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या दोन प्रकारांना नावं दिली: वाळवता येणाऱ्या त्या ऑर्थोडॉक्स, वाळवल्यावर मरणाऱ्या त्या रिकॅल्सिट्रंट. ही नावं शास्त्रात रुळली असली तरी इथे मी त्यांना सरळ कोरड्या आणि ओल्या बिया म्हणणार आहे. आंबा, फणस, जांभूळ, कोकम, मोह आणि नारळ या आपल्याकडच्या ओल्या बिया. फळझाडांबाहेर पाहिलं तर साल, चहा, रबर. रबराची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८७६ मध्ये हेन्री विकमने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया जहाजाने लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. उगवल्या जेमतेम २,७००. आशियातल्या रबराच्या मळ्यांचा पाया या वाचलेल्या चार टक्के रोपांनी घातला.

ओली बी वाळताना तिच्यात नेमकं काय बिघडतं, हा या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. पाणी कमी झालं म्हणून पेशी फाटल्या, इतकं ते साधं नाही. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या विद्यापीठात पॅट्रिशिया बर्जाक आणि नॉर्मन पॅमेंटर यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट चक्रावणारी आहे: अशी बी हळूहळू वाळवली तर लवकर मरते, आणि झपाट्याने वाळवली तर जास्त पाणी गमावूनही जिवंत राहते. आपला सहजस्वभाव नेमका याच्या उलट सांगतो. उन्हात नको, सावलीत वाळवा, नाजूक बी आहे, घाई करू नका. कोरड्या बियांसाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. ओल्या बीला मात्र सावलीतलं वाळणं म्हणजे चूल पेटती ठेवून घरातलं पाणी संपू देणं. श्वसन चालूच असतं, पण पाणी कमी पडल्याने त्याच्या साखळीतल्या पायऱ्या एकमेकींशी जुळेनाशा होतात. त्यातून मुक्त मूलकं तयार होतात, ती पेशींची पटलं आणि डीएनए पोखरतात, आणि ती निस्तरायची यंत्रणाही पाण्यावाचून थकलेली असते. वाळणं जितके दिवस लांबतं तितके दिवस ही नासधूस चालते. झटकन वाळवलं तर या मधल्या धोक्याच्या पट्ट्यातून बी चटकन पार होते. पण अख्खी आठळी झटकन वाळवणं शक्य नसतं, ती फार मोठी असते. प्रयोगशाळेत म्हणून तिच्यातला काही मिलिमीटरचा गर्भाक्ष, म्हणजे ज्यातून मूळ आणि कोंब निघतात तो भाग, तेवढा काढून घेतात.

मग प्रश्न असा की निसर्गाने ही असली बिनभरवशाची बी ठेवलीच कशाला? याचं उत्तर मला पंचांगात दिसतं. आपल्या फळांचे महिने एकदा मांडून पाहा. बोरं आणि आवळे थंडीत, चिंच शिमग्याच्या आगेमागे, हिरडा-बेहडाही हिवाळ्यापासून पुढे. ही बी जमिनीवर पडते तेव्हा पुढे कित्येक महिने पावसाचा थेंब नाही. तिला वाळावंच लागतं, वाळूनही जगावं लागतं. उलट कोकम एप्रिल-मेमध्ये, आंबा आणि फणस मेमध्ये, जांभूळ जूनच्या तोंडावर, मोहाची टोळंबी जून-जुलैत. सगळी मृगाच्या दारात उभी. या बीला पावसाची वाट पाहायची नसतेच. पडल्यापासून काही दिवसांत ओल मिळणार, याची लाखो वर्षांची खात्री तिच्या घडणीत आहे. मग वाळण्याची सगळी तयारी करण्यात शक्ती कशाला घालवायची? तीच शक्ती मोठा दाणा आणि तातडीचा कोंब यांत घातली तर पाऊस लागताच इतरांच्या आधी मूळ जमिनीत जातं. ओल्या बिया बहुतेक मोठ्या, गोलसर आणि पातळ सालीच्या असतात, त्याचंही कारण यातच आहे. मोठी गोल बी सावकाश वाळते, आणि थोड्या दिवसांची उसंत तिला तेवढ्याने मिळते.

जगभराचं चित्रही याला धरूनच आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार बीजधारी वनस्पतींपैकी जेमतेम ८ टक्के ओल्या बियांच्या आहेत. पण बारमाही ओल्या उष्णकटिबंधीय वर्षावनांतली जी झाडं अभ्यासली गेली, त्यांत हे प्रमाण निम्म्याच्या घरात जातं. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून पूर्वेला देशावर उतरताना हाच उतार बियांमध्येही पाहायला मिळतो.

पंचांगाचा हा ठोकताळा मी अगदी डोळे मिटून वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. नारळ बारा महिने पडतो आणि तरी त्याची बी वाळणं सोसत नाही. तो आपलं पाणी बरोबर घेऊन निघतो, त्याला मृगाची गरज नाही. कडुनिंब पावसाच्या तोंडावर निंबोळ्या टाकतो, पण त्याची बी पूर्ण ओल्या गोटातली नाही. ती बरीच वाळवता येते, मात्र वाळवलेली बी फार काळ टिकत नाही आणि थंडीत ठेवली तर आणखी बिघडते. असा मधला वर्ग असतो हे रेडिंग विद्यापीठातल्या एलिस, हाँग आणि रॉबर्ट्स यांनी १९९० मध्ये कॉफीच्या बियांवरून दाखवलं. कॉफीची बी १० टक्के ओलीपर्यंत ठीक असते, त्याखाली नेली की घसरते. संत्र्या-लिंबाच्या कुळातल्या बऱ्याच बियाही याच मधल्या घरात बसतात. म्हणजे दोन टोकं ठळक असली तरी मधे रांग आहे.

कोकणातल्या घरांना यातलं बरंच काही शास्त्राच्या आधीपासून ठाऊक होतं, फक्त हेतू वेगळा होता. फणस संपले की आठळ्या लाल मातीत घोळवून किंवा घरातल्या गार कोपऱ्यात मातीत पुरून ठेवायच्या आणि श्रावणात टाकळ्याच्या भाजीत घालायच्या. माती ओल धरते, हवा थोडी खेळू देते, बी वाळत नाही आणि पटकन कुजतही नाही. बीजशास्त्राच्या पुस्तकात ओल्या बियांच्या अल्पकालीन साठवणीसाठी जे लिहितात, ते हेच: दमट कोकोपीट किंवा भुसा, सच्छिद्र पिशवी, १५ ते २० अंशांच्या आसपासची गार जागा. भाजीसाठी ठेवलेल्या आठळ्यांना महिन्याभराने मोड दिसायला लागतात, तेव्हा कुणी त्या परड्यात खोचून देतं. सुक्या आठळ्याही घरोघर असतात, भाजून खायला. त्यांच्यातून रोपाची अपेक्षा कुणी करत नाही.

कोकमाची तर गंमतच आहे. रातांब्याची सालं आमसुलासाठी जातात आणि बिया उन्हात पडतात. त्या खडखडीत वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तूप काढतात. त्याचे गोळे म्हणजे मुठेल. भेगाळलेल्या टाचांना ते लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. ज्या उन्हाने मुठेलाची बी तयार होते त्याच उन्हाने पेरायची बी निकामी होते, म्हणून रोपं करायची तर आमसुलाच्या वेळीच बी धुऊन, सावलीत वरवर निथळून लगेच पिशवीत लावावी लागते. अर्थात कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असल्यामुळे बियाण्याच्या रोपांतली सुमारे निम्मी फळ न देणारी निघतात. बागायतदार म्हणून कलमंच लावतो. रानात कोकम वाढवायचा असेल तर मात्र बी हाच मार्ग.

आंब्याचं वेळापत्रकही याच घाईवर बसवलेलं आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रुळवलेल्या कोय कलमात रायवळच्या ताज्या कोयी जूनच्या सुमारास गादीवाफ्यावर लावतात. दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं रोप कोयीसकट उपटून त्याच्यावर हापूसची काडी चढवतात. कोयी महिनाभर उघड्यावर पडून राहिल्या तर वाफ्यात उगवणच होत नाही, मग कलम कशावर बांधणार? हीच तांबडी रोपं उकिरड्यावर आपोआप उगवतात, आणि पोरं त्यांच्या कोयी दगडावर घासून पुंग्या करतात. उकिरड्याची कोय उगवते आणि गच्चीवरची जपून वाळवलेली उगवत नाही, याचं आश्चर्य वाटायचं कारण आता उरू नये. उकिरड्यात ओल असते.

ओली बी फ्रिजमध्ये ठेवावी का, असं पुष्कळ जण विचारतात. ठेवू नये. उष्ण प्रदेशातल्या ओल्या बियांना थंडीही सोसत नाही. कोकोची बी तर १० अंशांच्या आसपासच मरते. फ्रीझरमध्ये आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. आणि घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ती गुदमरते, कारण ती श्वास घेत असते.

कोरड्या बियांचीही एक खबरदारी कोकणात घ्यावी लागते. मेमध्ये छान वाळवलेले बोराचे दाणे कापडी पिशवीत ठेवले की जुलैच्या हवेतून ते पुन्हा ओल ओढून घेतात आणि मेमधलं सगळं वाळवण वाया जातं. काचेची बरणी, घट्ट झाकण आणि तळाशी सिलिका जेलची पुडी, किंवा ती नसेल तर खमंग भाजून गार केलेले तांदूळ, एवढं पुरतं. जुन्या घरांत राख घालत, तिचाही ओल शोषण्याला उपयोग होतो. वाळवताना तापलेल्या पत्र्यावर मात्र कुठलीच बी टाकू नये. कोरडी बी वाळणं सोसते, भाजणं नाही.

ज्या रानफळाबद्दल काहीच माहिती नाही, त्याचं काय? घरच्या घरी करण्याजोगा एक प्रयोग आहे. ताज्या बियांचे तीन वाटे करा. पहिला त्याच दिवशी पेरा. दुसरा आठवडाभर सावलीत उघडा ठेवून पेरा. तिसरा तेवढाच काळ ओलसर कोकोपीटमध्ये ठेवून पेरा. हा तिसरा वाटा लोक गाळतात, आणि मग दुसरा उगवला नाही तर तो वाळल्यामुळे गेला की नुसता शिळा झाल्यामुळे, हे कळत नाही. जोडीला साधा वजनकाटा वापरा. १०० ग्रॅम ताज्या बियांत ४५ टक्के पाणी असेल, तर कोरडा भाग ५५ ग्रॅम. वाळून वजन ६९ ग्रॅमवर आलं की ओल २० टक्क्यांच्या जवळ आली. ४५ हा आकडा कुठून आणायचा? थोड्या बियांचे तुकडे करून त्या पूर्ण सुकवायच्या. प्रयोगशाळेत त्यासाठी १०३ अंशांच्या भट्टीत १७ तास ठेवतात. किती टक्क्यांवर उगवण घसरली, ते टिपून ठेवलं की त्या झाडाची बी कुठल्या गोटातली हे बऱ्यापैकी उलगडतं.

मोठ्या पातळीवर मात्र ओल्या बियांचा प्रश्न सुटलेला नाही. स्वालबार्डची जागतिक बीजकोठी २००८ मध्ये उघडली. तिच्या उणे १८ अंशांच्या दालनात ज्वारी-तांदूळ राहू शकतात, आंबा आणि फणस नाही. उपाय आहे तो गर्भाक्षाचा: तो वाऱ्याच्या झोतात झपाट्याने वाळवायचा आणि द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांत बुडवायचा. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे अशी अतिशीत पेढी आहे. पण प्रत्येक जातीची कृती वेगळी बसवावी लागते, आणि पुढे तो इवला गर्भ बाटलीतल्या खाद्यावर वाढवून रोप करावं लागतं. त्यामुळे प्रत्यक्षात या झाडांचे वाण उभ्या बागांच्या रूपानेच सांभाळले जातात. आंबा-फणसाचा खास वाण बियांतून तसाच्या तसा उतरत नाही, हेही त्याचं एक कारण.

उभ्या बागेचा धोका उघड आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत आंबा, फणस, कोकम, नारळाची जुनी झाडं आडवी झाली. भाताचं रान बुडालं तर शेतकरी घरातलं राखीव बियाणं काढतो किंवा दुकानातून आणतो. पडलेल्या फणसाचं मागच्या वर्षीचं बी कुणाच्या घरात नव्हतं, असणं शक्यही नव्हतं. त्या आठवड्यात जमिनीवर विखुरलेली फळं होती, त्यांतली बी काही दिवसांत पिशवीत लावली तर लावली; नाहीतर पुढच्या मेपर्यंत, आणि तेही आसपास एखादं झाड उभं राहिलं असेल तर.